गाण्यानंतरचे चार शब्द

शनिवार-रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर विद्यानगरातील मराठी घरांतून कोणत्या भाषेतील गाणे ऐकू येईल, हे गेल्या पंचवीस वर्षांत कधीच खात्रीने सांगता आलेले नाही. एका घरी मराठी ‘सा रे ग म प’ चालू असे, शेजारच्या घरी हिंदी ‘इंडियन आयडल’, आणि तिसऱ्या घरी, दारावरची पाटी अस्सल देशस्थी का असेना, तेलुगू ‘पाडुता तीयगा’. आमच्या घरी संच एक आणि पिढ्या तीन. त्यामुळे कोणता कार्यक्रम लावावयाचा, हा निकाल पुष्कळदा कार्यक्रमातील निकालाहून अधिक चुरशीचा होई.

विद्यानगराला ही सरमिसळ नवी नाही. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला नल्लाकुंटा, आणि वस्तीत दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय. राजमहेंद्रीच्या या तेलुगू कन्येने १९५३ मध्ये कोकणातल्या चिंतामणराव देशमुखांशी विवाह केला आणि उभयतांनी उत्तरायुष्य याच शहरात घालविले. ज्या वस्तीत रुग्णालयाच्या पाटीवरच दोन भाषांचा संसार मांडलेला आहे, तेथे एका घरात तीन भाषांची गाणी वाजली तर नवल ते काय?

या स्पर्धांविषयी घरोघरी दोन मते ऐकावयास मिळतात. एक असे की, खेड्यापाड्यांतील मुलांना त्यांनी कधी नव्हती ती संधी दिली. दुसरे असे की, त्यांनी गाण्याचा बाजार मांडला. दोन्ही मते खरी आहेत, आणि म्हणूनच त्यांवर वाद घालण्यात आम्हांला फारसे स्वारस्य नाही. आम्ही प्रेक्षक म्हणून एक साधी कसोटी लावीत आलो आहोत. स्पर्धकाचे गाणे संपते आणि गुण जाहीर होतात, या दोहोंच्या मध्ये जो अर्धा-एक मिनिटाचा अवकाश असतो, त्यात परीक्षक काय बोलतो? ते चार शब्द ऐकून आम्हां ऐकणाऱ्यांच्या कानांत काही भर पडली, तर ती स्पर्धा चांगली. तेथे नुसतेच ‘फारच छान’ किंवा नुसतीच थट्टा असेल, तर विजेता कितीही गुणी निघो, तो वेळ वाया गेला असे आम्ही समजतो.

गाण्याची स्पर्धा ही काही दूरचित्रवाणीने काढलेली टूम नव्हे. १९४१ साली ‘खजांची’ चित्रपट गाजत असताना त्यातील गाण्यांची एक स्पर्धा पुण्यात झाली, आणि तीत बाल लता मंगेशकर पहिल्या आल्या. पुढे पन्नासच्या दशकात मेट्रो-मर्फी स्पर्धेने महेंद्र कपूर यांना चित्रपटसृष्टीचे दार उघडून दिले. इकडे दक्षिणेत, साठच्या दशकाच्या पूर्वार्धात, मद्रासमधील हौशी गायकांच्या स्पर्धेत एक तेलुगू विद्यार्थी गायला आणि संगीतकार एस. पी. कोदंडपाणी यांनी त्याला हेरले. त्या विद्यार्थ्याचे पहिले चित्रपटगीत १९६६ मध्ये आले. त्याचे नाव श्रीपती पंडिताराध्युल बालसुब्रह्मण्यम. कोदंडपाणींचे ऋण त्यांनी असे मानले की, पुढे मद्रासेत स्वतःचे ध्वनिमुद्रणगृह उभारले तेव्हा त्याला नाव कोदंडपाणींचेच दिले. स्पर्धेतून वर आलेला हा गायक तीस वर्षांनी स्पर्धा चालवावयास बसला, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

झी वाहिनीवर १९९५ मध्ये ‘सा रे ग म’ सुरू झाले. त्यात संगीतकार आणि शास्त्रीय संगीतातील जाणती माणसे परीक्षणास बसत, आणि सूत्रसंचालक सोनू निगम हे स्वतः गाणारे होते. त्याच्या बालस्पर्धेत श्रेया घोषाल या मुलीने कल्याणजींचे लक्ष वेधले. २००२ च्या ‘देवदास’ने तिचे नाव घराघरांत पोचविले. लगोलग १९९६ मध्ये ई टीव्हीवर ‘पाडुता तीयगा’ आले. १९६४ च्या ‘मूग मनसुलु’ चित्रपटातील घंटसाला यांच्या एका लोकप्रिय गीतावरून कार्यक्रमाचे नाव घेतलेले. आता त्या काळी हैदराबादेतील मराठी घरांची स्थिती कशी होती, हे आजच्या तरुण वाचकांना सांगावयास हवे. १९७७ पासून शहरात दूरदर्शन केंद्र होते, परंतु त्यावर मराठी कोठून असणार? अल्फा मराठी १९९९ मध्ये निघाली. ई टीव्ही मराठी २००० मध्ये आली, आणि गंमत अशी की, महाराष्ट्रभर पोचणाऱ्या तिच्या बातम्या आमच्याच शहराबाहेरील रामोजी चित्रनगरीतून वाचल्या जात. तोवर मराठी कान तेलुगू गाण्यावरच पोसले गेले. त्याबद्दल आम्हांला खंत नाही.

खंत नाही, कारण बालसुब्रह्मण्यम यांच्याइतका चांगला परीक्षक आम्ही कोणत्याच भाषेत पाहिला नाही. ते केवळ गुण देत नसत. गाणे उलगडून दाखवीत. मूळ गायकाने अमुक शब्दावर श्वास का घेतला नाही, संगीतकाराने अंतऱ्यात स्वर का बदलला, कवीने या शब्दाऐवजी तो शब्द का योजिला नाही, हे ते सांगत, आणि सांगता सांगता ती ओळ स्वतः गाऊन दाखवीत. गीतकाराचे, संगीतकाराचे नाव घेतल्यावाचून गाण्याची गोष्ट पुढे सरकत नसे. आत्रेय, वेटूरी, सिरिवेन्नेला ही तेलुगू गीतकारांची नावे आमच्या घरात पाठ झाली ती या कार्यक्रमामुळे. ग. दि. माडगूळकर आणि शांता शेळके ही नावे मात्र आमच्या नातवंडांना आम्हांला मुद्दाम बसवून सांगावी लागली.

त्यांच्या बोलण्यात सर्वांत मोठा वाटा उच्चारांचा असे. स्वर किंचित हलला तर ते एकवेळ चालवून घेत, पण अक्षर हलले तर थांबत. कठोरपणे नव्हे, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, पण थांबत खचित. हा आग्रह धरणाऱ्या माणसाने स्वतः तो चटका सोसलेला होता. शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण नसताना ‘शंकराभरणम्’ची गाणी गाऊन त्यांनी राष्ट्रीय पारितोषिक मिळविले, परंतु १९८१ च्या ‘एक दुजे के लिए’च्या वेळी त्यांचे हिंदी दाक्षिणात्य वळणाचे वाटेल अशी शंका लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना आली होती. दिग्दर्शक बालचंदर यांनी म्हटले की, नायकच तमिळ आहे, त्याचे हिंदी तसेच असू द्या. त्या गाण्यांनी त्यांना पुन्हा राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिले. एकूण सहा राष्ट्रीय पारितोषिके, चार भाषांत. परक्या भाषेत गाणाऱ्याला अक्षरांची किंमत अधिक कळते, असा याचा अर्थ आम्ही लावतो, आणि हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला तो अर्थ जवळचा वाटतो.

येथे वाचकांना आमचे एक निरीक्षण सांगावयाचे आहे, कारण घरोघरी याच्या उलट समजूत रूढ आहे. ‘तेलुगू मुलांत वाढून आमच्या मुलांचे मराठी बिघडले’ अशी तक्रार कोणत्याही हळदीकुंकवाला ऐकू येते. वस्तुस्थिती काय आहे? तेलुगूत ‘ळ’ आहे, ‘ण’ आहे. इतकेच नव्हे, मराठीतील ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ या शब्दांत ‘च’चे जे दोन उच्चार होतात, तसे दोन उच्चार तेलुगूतही आहेत. आपल्या ‘चांदणी’तला ‘च’ आणि तेलुगूत तारकेला म्हणतात त्या ‘चुक्क’मधला ‘च’ हे सख्खे भाऊ शोभावेत. तेव्हा अंगणात तेलुगू बोलणाऱ्या मुलाच्या जिभेवर ही अक्षरे शाबूत राहतात. ‘ळ’ हरवतो तो हिंदीत, कारण हिंदीच्या रोजच्या बोलण्यात तो नाही. मोठ्या हिंदी स्पर्धांत एखादे मराठी गाणे कौतुकाने गायले जाते तेव्हा कान देऊन ऐकावे. ‘ळ’चा ‘ल’ झालेला असतो आणि परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत असतात. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या कवीने तोलून घातलेले एक अक्षर त्या टाळ्यांत वाहून जाते. आम्हांला याचा मनस्वी राग येतो. घरातील तरुण मंडळी म्हणतात, ‘आजोबा, मराठी गाणे गायले हेच पुष्कळ नाही का?’ आमचे उत्तर, नाही.

बोलणारा परीक्षक मागे पडून मोजणारा प्रेक्षक पुढे आला, तो साधारण २००४-०५ पासून. ‘इंडियन आयडल’ आले, एसएमएस आले, आणि २००५ च्या मार्चमध्ये अभिजीत सावंत हा मराठी तरुण पहिला विजेता झाला. त्या रात्री येथील मराठी मंडळींना झालेला आनंद खराच होता. आम्हीही पेढे खाल्ले. परंतु त्याच वर्षी ‘फेम गुरुकुल’ या स्पर्धेत अरिजित सिंग हा तरुण प्रेक्षकांच्या मतांनी बाहेर पडला, हे आज कोणाला खरे वाटेल काय? २००६ मध्ये हैदराबादचा कारुण्य अंतिम फेरीत पोचला. त्या काही आठवड्यांत हे शहर एका आवाजात बोलत होते. तेलुगू, उर्दू, मराठी, मारवाडी, सगळे एका बाजूला. आमच्या गल्लीतील मराठी घरांतूनही ‘आपला मुलगा’ हे शब्द त्याच्यासाठी निघाले, आणि ते आम्हांला फार बरे वाटले. विजय बिकानेरच्या संदीप आचार्यचा झाला. पुढल्या वर्षी दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठी तेथील साऱ्या डोंगराने मते गोळा केली. २०१० मध्ये हैदराबादच्या श्रीराम चंद्रने कारुण्यची राहिलेली बाकी चुकती केली.

या सर्वांत गाणाऱ्यांचा काहीच दोष नव्हता. सगळे चांगले गाणारे होते. पण मते गावाला पडत, जातभाईला पडत, भाषेला पडत. गाण्याला पडलीच तर शेवटी. ‘तुमचा आवडता गायक’ असे विचारून प्रत्यक्षात ‘तुमचा कोण?’ एवढाच प्रश्न केला जाई. आणि आमच्यासारख्यांची पंचाईत अशी की, ‘तुमचा कोण?’ या प्रश्नाला आमच्याकडे एक उत्तर नाही.

ही पंचाईत सर्वाधिक जाणवली ती २००८-०९ च्या हिवाळ्यात. मराठी ‘सा रे ग म प’च्या ‘लिटिल चॅम्प्स’नी तेव्हा महाराष्ट्राला वेड लावले होते आणि महाराष्ट्राबाहेरील आम्हांलाही. पल्लवी जोशी सूत्रसंचालक, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. गुणांऐवजी स्वर दिले जात. ‘ध’ मिळाला की बरे, ‘नी’ मिळाला की उत्तम, आणि ‘वरचा सा’ मिळाला की येथे आमच्या दिवाणखान्यात टाळी पडे. अंतिम फेरीत पाच मुले होती: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, कोकणातला प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. हैदराबादच्या मराठी माणसाला लातूर म्हणजे परगाव नव्हे. १९४८ पर्यंत ते आणि आम्ही एकाच संस्थानात होतो. अर्ध्या घरांची सोयरीक तिकडचीच. साहजिकच आमच्याकडे रोहितचा पक्ष मोठा होता. आमच्या सौभाग्यवतींचे मत प्रथमेशला, कारण तो नाट्यगीत गातो. सूनबाईंचे आर्याला. ८ फेब्रुवारी २००९ रोजी कार्तिकी विजयी झाली, आणि मग जो वाद पेटला तो पुढच्या संक्रांतीपर्यंत धुमसत होता.

आमचा स्वतःचा कौल कोणाला होता, ते सांगत नाही. मात्र त्या पर्वाचे मोठे देणे विजेतेपदात नव्हते, हे निःसंशय. अभंग, नाट्यगीत, लावणी, भावगीत या साऱ्याची वाट मुलांच्या कंठातून पुन्हा घरात आली. आमच्या वस्तीतील ज्या मुलांना मराठी वाचता येत नव्हते, ती रोमन लिपीत शब्द उतरवून अभंग म्हणू लागली. त्या पाचही जणांनी गाणे सोडले नाही, ही आणखी एक जमेची गोष्ट. २०२१ मध्ये तीच पाच मुले, आता तरुण होऊन, नव्या बालस्पर्धकांसमोर परीक्षक म्हणून बसली. आणि २०२३ च्या डिसेंबरात मुग्धा आणि प्रथमेश विवाहबद्ध झाली, तेव्हा आमच्या घरी नात्यातले लग्न असावे तसे बोलणे झाले.

मग मुलांचे हाल नाहीत काय? आहेत. आमच्या नातीचा अनुभव सांगतो. अकरा वर्षांची, आवाज गोड, कान तयार. दोन वर्षांपूर्वी एका वाहिनीच्या ऑडिशनला तिला घेऊन गेलो. सकाळी सहापासून रांग. दुपारी दोनला आत बोलावणे आले. तिने अर्धा मिनिट गायले असेल नसेल, तोच समोरच्या तरुण बाईंनी हात वर केला आणि विचारले, घरी कोण कोण असते, वडील काय करतात, काही आजारपण, काही अडचण? नात गोंधळली. म्हणाली, ‘नाही, सगळे ठीक आहे.’ बाईंनी कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढच्या मुलीला हाक मारली. परत येताना रिक्षात नातीने विचारले, ‘आजोबा, आपल्याकडे काही अडचण असती तर मला घेतले असते का?’ अकरा वर्षांच्या मुलीला गाण्याच्या परीक्षेतून हा प्रश्न मिळावा! सरकारने २०१९ मध्ये अशा कार्यक्रमांतील मुलांच्या अशोभनीय नृत्यांविषयी वाहिन्यांना सूचना दिल्या, ते ठीकच झाले. पण मुलांकडून दुःख मागून घेण्याविरुद्ध कोणती सूचना काढणार?

म्हणून बालसुब्रह्मण्यम यांची आठवण अधिक येते. २५ सप्टेंबर २०२० रोजी करोनाच्या साथीच्या दिवसांत ते चेन्नईत गेले, तेव्हा आमच्या इमारतीत तेलुगू आणि मराठी दोन्ही घरांतून रात्रभर त्यांचीच गाणी लागली होती. पुढे त्यांचे चिरंजीव एस. पी. चरण यांनी ‘पाडुता तीयगा’ची सूत्रे हाती घेतली. २०२५ मध्ये एका स्पर्धक तरुणीने परीक्षकांवर पक्षपाताचे जाहीर आरोप केले. परीक्षकांपैकी सुनीता यांनी ते नाकारले. एवढा जुना, एवढ्या विश्वासाचा कार्यक्रमही अशा वादापासून सुटत नाही. याचे कारण आम्हांला असे दिसते की, विश्वास कार्यक्रमावर नव्हता, त्या एका माणसाच्या बोलण्यावर होता. तो आवाज गेल्यावर राहिलेल्या मांडणीत आणि इतर मांडण्यांत प्रेक्षकाला फरक दिसेनासा होतो.

नातीने गाणे सोडले नाही. शेजारच्या घरी एक वृद्ध तेलुगू संगीत शिक्षिका राहतात. नात त्यांना ‘अम्मम्मा’ म्हणते आणि आठवड्यातून तीनदा त्यांच्याकडे शिकते. अम्मम्मांना मराठीचे अवाक्षर येत नाही. तरी नात मराठी भावगीत म्हणू लागली की त्या मान हलवून मध्येच थांबवितात आणि तेलुगूत विचारतात, हे अक्षर आधी म्हणालीस तेव्हा जाड होते, आता पातळ कसे झाले? आम्ही आतल्या खोलीतून ऐकतो. प्रत्येक वेळी तो ‘ळ’च असतो.

यंदाच्या गणेशोत्सवातील मुलांच्या गायन स्पर्धेची आखणी वस्तीतील मंडळींनी आमच्याकडे सोपविली आहे. बारा वर्षांखालील मुलांना क्रमांक द्यावयाचे नाहीत, असे आम्ही ठरविले. त्यावर दोन पालक नाराज आहेत. गाण्याआधी कवीचे आणि संगीतकाराचे नाव मुलाने स्वतः सांगावे, देवनागरी येत नसेल तर तोंडपाठ करून सांगावे. घरच्या परिस्थितीविषयी कोणीही काही विचारावयाचे नाही. आणि परीक्षकाने प्रत्येक मुलाविषयी निदान दोन वाक्ये बोललीच पाहिजेत. परीक्षक म्हणून अम्मम्मांना विचारले, तेव्हा त्या संकोचल्या. म्हणाल्या, मला तुमची भाषा येत नाही, लोक काय म्हणतील? आम्ही म्हटले, लोकांचे आम्ही पाहून घेऊ; आपण फक्त अक्षरे ऐका. त्या यावयास कबूल झाल्या आहेत. त्या तेलुगूत बोलतील, आणि नात मराठीत सांगेल.